नळाच्या उजवीकडची तिसरी टाइल

आमच्या बाथरूममध्ये पाऊल टाकण्याआधी पाहुण्यांना प्रशिक्षण घ्यावं लागे. पायात रबरी चपला हव्यात. दिव्याचं बटण बोटाने नाही, दाराशी खिळ्याला टांगलेल्या लाकडी पट्टीने दाबायचं. गीझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. नियम बाबांचे आणि ते समजावून सांगण्याचा मानही बाबांचाच. लग्नानंतर माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा आमच्याकडे आंघोळ केली, तेव्हा पंचा खांद्यावर टाकून त्याने मला हळूच विचारलं, "परीक्षा लेखी असते की तोंडी?"

हे वायरिंग बाबांनी स्वतःच्या हाताने केलं होतं, बत्तीस वर्षांपूर्वी. नोकरी टपाल ऑफिसात झाली, पण हातात पक्कड आली की त्यांच्या चालण्यातही फरक पडे. वायरिंग बदलू या म्हटलं की ते म्हणत, "कशाला? उत्तम चाललंय. अर्थिंग दिलेलं आहे." अर्थिंग म्हणजे नक्की काय हे घरात कुणालाच माहीत नसल्यामुळे विषय तिथेच संपे.

त्यांची आणखी एक खोड होती. रोज सकाळी आई आंघोळीला गेली की बाबा पॅसेजमध्ये, मेन स्विचच्या बरोबर खाली, स्टूल टाकून पेपर उघडत. पॅसेज एवढासा, त्यात बाबांचे गुडघे. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या असताना इथेच का, असं विचारलं तर म्हणत, "इथे उजेड चांगला येतो." पॅसेजला खिडकी नव्हती. लहानपणी शाळेला जायच्या घाईत मी ते गुडघे ओलांडत आले आणि एका माणसाला एक पेपर वाचायला इतका वेळ कसा लागतो याचं नवल करत आले.

गेल्या आठवड्यात मी माहेरी आले असताना, नळ सोडताना आईला झटका बसला. तिने "मुंग्या आल्या" म्हणून सांगितलं, पण तिच्या हातातून तांब्या पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. मी त्याच दिवशी फोन करून वायरिंग बदलायला माणूस बोलावला. बाबा वाद घालतील म्हणून चार मुद्दे तयार ठेवले होते, पण ते "बोलाव" एवढंच म्हणाले. माझे मुद्दे वाया गेले.

माणूस म्हणून आली ती एक बाई. तिशीची, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलणं मोजकं. बाबांनी तिचं नाव लगेच वायरमनबाई ठेवलं. तिने आल्या आल्या खिळ्यावरची पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"ही कशाला?"

"बटण दाबायला," बाबा म्हणाले.

तिने पट्टी परत खिळ्याला अडकवली आणि मेन बंद केला. तिचा चेहरा फार काही सांगत नव्हता, पण मला तरी लाज वाटली.

तासाभरात तिने जुनी बटणं काढली, गीझरच्या जुन्या वायरी ओढून काढल्या आणि नव्या घालायला भिंतीतल्या नळीत लवचिक तार सरकवली. तार निम्म्यावर जाऊन अडली. दुसऱ्या बाजूने घातली, तिथूनही अडली.

"काकू, आत कुठेतरी जॉइंट बॉक्स आहे आणि त्यात काहीतरी कोंबलंय. त्याच्यावर टाइल बसवून टाकलीये. मला तो सापडायला हवा."

तिने भिंतीवर टकटक करून पाहिलं. टाइल्स जुन्या, सगळ्याच पोकळ वाजत होत्या. "भिंत उघडावी लागेल," ती म्हणाली. "मेनपासून गीझरपर्यंत."

आई दारात उभी होती. त्या टाइल्स पिस्ता रंगाच्या, तिने सात दुकानं पालथी घालून आणलेल्या. बसवल्या तेव्हा तिने शेजारणींना एकेक करून बाथरूम दाखवायला आणलं होतं. आजही ती त्यांना जुन्या ब्रशने घासते आणि आम्ही साबणाचे शिंतोडे उडवले की तिच्या कपाळाला आठी पडते. आता तिने भिंतीवरून एकदा हात फिरवला.

"उघडा," ती म्हणाली. "त्याला काय इलाज?"

वायरमनबाईने छिन्नी हातात घेतली. बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनी घसा साफ केला, थांबले, पुन्हा साफ केला.

"खालून चौथी ओळ," ते म्हणाले. "नळाच्या उजवीकडे तिसरी टाइल."

आम्ही तिघी त्यांच्याकडे वळलो. बाबा गीझरकडे बघत होते.

वायरमनबाईने तेवढी एकच टाइल काढली. आत लोखंडी बॉक्स निघाला. त्यात हिरव्या वायरीची गुंडाळी, टोकाला व्यवस्थित टेप लावलेला, आणि ती कुठेही जोडलेली नव्हती.

"काका, हे अर्थिंग? मग गळलेला करंट जमिनीत जाणार कुठून?"

"हातभर वायर कमी पडली," बाबा म्हणाले. "दुकान बंद झालं होतं. म्हटलं, उद्या संध्याकाळी ऑफिसातून येताना आणू, जोडू. आलो तर गवंडी टाइल्स बसवून गेलेला. आणि ही," त्यांनी मान न वळवता आईकडे बोट केलं, "ही इथे मधोमध उभी. इतकी खूश होती. कुठल्या तोंडाने सांगणार होतो, एक फोडतो म्हणून?"

एवढं बोलून ते पॅसेजमध्ये गेले आणि स्टुलावर बसले. मेन स्विचच्या खाली. स्विच त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर, हात उचलला की पोचेल असा. मी त्या स्विचकडे पाहिलं, मग बाथरूमच्या दाराकडे, मग त्यांच्या गुडघ्यांकडे. म्हणजे आत काही झालं, तर मेन पाडायला. त्या गुडघ्यांची मी इतकी वर्षं टिंगल करत आले होते.

आई स्वयंपाकघरात गेली. तिने वायरमनबाईला चहा दिला, बाबांनाही दिला, आणि त्यांच्या कपात साखर जास्त घातली, जी एरवी त्यांना बंद आहे.

संध्याकाळपर्यंत काम झालं. हिरवी वायर जोडली गेली, नवीन बटणं बसली, आणि मेनशेजारी एक छोटा ब्रेकर आला. करंट जरा जरी गळला तरी हा आपोआप पडतो, असं वायरमनबाईने तो पाडून दाखवला. पिस्ता टाइल आता कुठेच मिळत नाही, म्हणून तिथे पांढरी बसली. पट्टी मात्र तिने जाताना मागून नेली. म्हणाली, दुकानात लावते, गिऱ्हाइकांना दाखवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीला गेली. मी स्वयंपाकघराकडे निघाले, तर वाटेत गुडघे. बाबा स्टुलावर, पुढ्यात पेपर.

"बाबा, आता तो आपोआप पडतो."

"माहितीये मला," बाबा म्हणाले. "नवीन आहे. जरा बघू दे."

आतून पाण्याचा आवाज थांबला.

"अहो, आहात ना बाहेर?"

"आहे."

"मग आज तरी वाचा तो पेपर," आई आतून म्हणाली. "बत्तीस वर्षांत एकदाही पान उलटल्याचा आवाज आला नाही मला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि आत ऐकू जाईल इतक्या जोरात पान उलटलं.