उंबरठ्यावर आलेला फोन

मित्रांनो, मला खिशात घालायला जाल तर तुमचा खिसाच फाटेल! असा मी जाडजूड, काळाभोर, जुना टेलिफोन आहे. माझ्या पोटावर दहा भोकांची गोल तबकडी आहे. भोकात बोट घालून ती फिरवायची आणि सोडून द्यायची, की ती कुरकुर करत आपल्या जागी परत येते.

डोंबिवलीत कोपरला, खाडीपासून जवळच, एक दुमजली चाळ होती. मी तिथे येण्यापूर्वी बाहेरची सगळी खबर काळुराम पोस्टमन आणायचे. वाट चिखलाची असली की ते सायकल खांद्यावर घ्यायचे, पण टपाल कधी भिजू द्यायचे नाहीत. पत्र आलं की चाळ हसायची. तार आली की मात्र ती फोडण्याआधीच रडारड सुरू व्हायची. मग कळायचं, तारेत फक्त ‘उद्या येतोय, स्टेशनवर या’ एवढंच आहे!

तळमजल्यावर उत्तमराव आणि मंदाकिनीबाई राहत. उत्तमरावांनी फोनसाठी अर्ज केला होता. नंबर लागेपर्यंत त्यांचे केस पांढरे झाले. अखेर मी आलो, तेव्हा मंदाकिनीबाईंनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पहिल्यांदा मी खणखणलो, तेव्हा उचलायचं कुणी यावरच वाद झाला आणि तोवर मी वाजायचा थांबलोही.

अख्ख्या चाळीत मी एकटाच. मग काय, सगळ्यांनी आपापल्या नातेवाइकांना माझाच नंबर दिला. नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहायचं, म्हणजे फोन शेजारच्या घरी आहे, बोलावून देतील. मी वाजलो की मंदाकिनीबाई अंगणात जाऊन हाक मारत. त्यांच्या आवाजापुढे माझी घंटा काहीच नव्हती. खाडीचा खारा वारा माझ्या तारा गंजवायचा, माझ्यात खरखर व्हायची, पण त्यांच्या आवाजात कधी खरखर झाली नाही.

वरच्या मजल्यावर शांताबाई आणि त्यांचे यजमान चांगदेव राहत. शांताबाई मंदाकिनीबाईंपेक्षा थोड्या मोठ्या. दोघींचं इतकं जमायचं, की एकीची भाजी दुसरीच्या ताटात असायची. पण एका उन्हाळ्यात शांताबाईंनी धुतलेली गोधडी वरच्या कठड्यावर टाकली आणि तिचं सगळं पाणी खाली मंदाकिनीबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर ठिबकलं.

“वर्षाचे पापड गेले माझे! डोळे आहेत की नाहीत?” मंदाकिनीबाई कडाडल्या.

“मग वर बघून घालायचे ना! अंगण काय तुझ्या एकटीचं आहे?” वरून उत्तर आलं.

बोलता बोलता मंदाकिनीबाई म्हणाल्या, “आता तुमचा फोन आला ना, तर उचलून तसाच ठेवून देईन!”

“ठेव, खुशाल ठेव! मी तुझा उंबरठा चढले तर नाव बदलीन!”

त्या दिवसापासून दोघींचा अबोला. मला फार वाईट वाटलं. आणि काळजीही वाटली, कारण शांताबाईंची लेक वैशाली भुसावळला सासरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नव्हता. पुढच्या आठवड्यात शांताबाईच तिच्याकडे जाणार होत्या. पण बाळाला धीर निघाला नाही.

एका सकाळी मी वाजलो. मंदाकिनीबाईंनी मला उचललं.

“मावशी, मी संदेश बोलतोय, वैशालीचा नवरा. आईंना बोलवा ना पटकन! बूथवर मागे रांग लागलीय.”

मंदाकिनीबाईंनी वर छताकडे बघितलं. मी त्यांच्या कानाला लागलेलो होतो; त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. क्षणभर वाटलं, आता ठेवतात. पण नाही! त्यांनी रिसीव्हर हळूच टेबलावर टेकवला, अंगणात गेल्या आणि आभाळाकडे बघून ओरडल्या, “चाळीत कुणाचा तरी जावई भुसावळहून बोलतोय! ज्याचा असेल त्याने यावं!”

वर भांडी घासायचा आवाज थांबला. राखेने भरलेल्या हातांनी शांताबाई धडधडत जिना उतरल्या आणि दाराशी येऊन एकदम थांबल्या. उंबरठा! पाय उचलेना. इकडे मंदाकिनीबाईही तोंडाने ‘या’ म्हणेनात.

मग मंदाकिनीबाईंनी मला अख्खंच्या अख्खं उचललं. माझी तार ताणली गेली, भिंतीतला खिळा करकरला. त्यांनी मला उंबरठ्यावर ठेवलं आणि रिसीव्हर पुढे केला. तोंड मात्र दुसरीकडे!

शांताबाईंनी तो कानाला लावला. “हॅलो... हां, बोला... काय? अहो, मोठ्याने बोला!”

आणि त्या रडायलाच लागल्या. मंदाकिनीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. अबोला विसरून त्या ओरडल्या, “शांताताई, काय झालं? अहो बोला ना! पोरगी बरी आहे ना?”

“मुलगी झाली गं मंदे! दोघी सुखरूप आहेत!”

तेवढ्यात फोन कटला. कुणाला त्याचं काय! शांताबाई मला ओलांडून आत आल्या आणि त्यांनी राखेच्या हातांनी मंदाकिनीबाईंना मिठी मारली. चांगदेव धावत खाली आले, तर दोघी एकमेकींच्या तोंडात साखर कोंबत होत्या. त्याच संध्याकाळी उत्तमरावांनी शांताबाईंना कल्याण स्टेशनवर नेऊन भुसावळच्या गाडीत बसवलं. बरोबर मंदाकिनीबाईंनी केलेले डिंकाचे लाडू होते. आणि वाचलेले पापडही.

त्या दिवशी मला वाटलं, माझ्यासारखा भाग्यवान फोन सगळ्या ठाणे जिल्ह्यात नसेल.

पुढे घरोघरी फोन आले, मग हातोहाती मोबाइल आले. माझी लाइन काढून टाकली. चाळीच्या जागी उंच इमारत उभी राहिली. मला भंगारात द्यायचं ठरलं होतं, पण मंदाकिनीबाईंची नात ऐश्वर्या हटून बसली. आता मी सोसायटीच्या खेळघरात असतो. मुलं माझी तबकडी फिरवायला भांडतात, कुणी चंद्रावर फोन लावतं, कुणी मामाला. माझी तार कुठेच जात नाही, तरी मला मजा येते.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या यंत्रांना कधीतरी मऊ फडक्याने पुसा; त्यांनी खूप ऐकलेलं असतं. आणि शेजाऱ्याची आनंदाची बातमी चुकून तुमच्या दाराशी आली, तर तिला ताटकळत ठेवू नका. मी भुसावळहून आवाज आणू शकत होतो, पण अंगणात जाऊन हाक मला मारता येत नव्हती. ती माणसानेच मारायची असते. रुसवा असेल, तर आभाळाकडे बघून मारा. पण मारा!