साठ फुटी रस्ता

“दादा, ही रेघ जरा पलीकडे सरकव ना. बोटभर.”

बहीण आरेखकाच्या मेजाशी उभी होती. जेवणाची सुट्टी असल्यामुळे नगररचना कार्यालयात दुसरं कोणी नव्हतं. मेजावरच्या नकाशात शहराबाहेरची बरीचशी शेती घरांसाठी आखून झाली होती आणि नवा साठ फुटी रस्ता तिच्या शेताच्या मधोमध जात होता.

“रेघ साहेब ठरवतात. मी नुसता गिरवणारा.”

हे खोटं होतं. साहेबांनी ‘तूच बघ’ म्हणून काम त्याच्या गळ्यात घातलं होतं. रेघ बोटभर सरकली असती, तर रस्ता शेजारच्या एकट्या सुईणीच्या घरावरून गेला असता. शेताच्या बदल्यात काहीतरी मिळतं, डोक्यावरचं छप्पर गेलं तर बाईनं जावं कुठं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. पण हे बहिणीला सांगायला जीभ रेटेना. ती पिशवी उचलून निघून गेली.

रस्ता झाला. दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहिल्या. बहिणीला बदल्यात दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. मेहुण्यांचा जीव मात्र तिथे रमला नाही. ते उजाडायच्या आत उठत, बूट चढवून खुर्चीत बसत. “कुठे निघालात?” असं बहिणीनं विचारलं की गोरेमोरे होऊन बूट काढून ठेवत. चौथ्या वर्षी ते गेले. सुईणीनंही पुढे घर विकलं. तिथे औषधांचं दुकान आलं.

निवृत्त झाल्यावर आठवड्यानं आरेखक बहिणीकडे गेला. चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाला,

“ती रेघ माझीच होती.”

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुझा चेहरा मला वाचता येत नाही होय? सुईणीचं घर मलाही दिसत होतं. पण तू बोलला नाहीस, दादा. यांना शेवटपर्यंत वाटायचं, आपणच अर्ज-विनंत्या करायला कमी पडलो.”

त्यानं कप तसाच खाली ठेवला. चहा निवून गेला.

“चल, आता एवढं कर,” ती उठत म्हणाली. “आपलं शेत कुठून कुठपर्यंत होतं, ते दाखव. खाली उतरले की मला दिशाच उमगत नाहीत.”

नकाशा त्याला तोंडपाठ होता. पावलं मोजत तो पुढे चालला. विजेच्या खांबापासून वळणापर्यंत एक बांध, वळणापासून शाळेच्या भिंतीपर्यंत दुसरा. ती प्रत्येक कोपऱ्यावर थांबे, पायाखाली बघे आणि पुढे निघे. तिसऱ्या बांधाला एका इमारतीचं फाटक आडवं आलं.

“कोणाकडे जायचंय?” रखवालदारानं विचारलं.

“कोणाकडे नाही. सरळ शंभर पावलं जाऊन परत येतो.”

“आतल्या कोणाचं तरी नाव सांगा, आजोबा. त्याशिवाय सोडता येत नाही.”

सांगण्याजोगं नाव दोघांकडेही नव्हतं. आरेखक पुन्हा समजावू लागला, तशी बहिणीनं त्याची बाही ओढली.

“राहू दे. एवढं मी इथूनच चालते.”

फाटकाचे गज धरून ती आत बघत राहिली. तिचे ओठ हळूहळू हलत होते. शंभर झाल्यावर तिनं गज सोडले.