एकाचा झाला नऊ

बँकेतलं पासबुक छापायचं मशीन बंद असलं की माणसं वैतागतात. सत्यभामाबाई मात्र मनातून खूश व्हायच्या. मशीन बंद म्हणजे काउंटरवर जायचं, कुणाच्या तरी हातात पासबुक द्यायचं, आणि त्या कुणीतरी ते परत करताना म्हणायचं, "माताजी, कोई नई एंट्री नहीं है." कधीकधी अख्ख्या दिवसात त्यांच्याशी कुणी बोललेलं तेवढं एकच वाक्य असायचं.

जबलपूरच्या रांझी भागात, फॅक्टरीच्या वसाहतीपलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. अच्युतराव फॅक्टरीतून रिटायर झाले, तेव्हा दोघांनी हौसेनं बांधलं. मूलबाळ नव्हतं. अच्युतराव जाऊन दीड वर्ष झालं, आणि घर एवढं गप्प झालं की एकदा बाईंना वाटलं, दाराची बेल तर बिघडली नाही? त्यांनी स्वतःच बाहेर जाऊन ती वाजवून पाहिली. वाजली, अगदी खणखणीत. मग त्या आत येऊन बसल्या.

त्यांना 'सत्ये' म्हणणारा आता जगात एकच माणूस उरला होता. हिंगणघाटचे रामराव, त्यांचे थोरले भाऊ. गुडघे गेल्यापासून रामरावांचं जबलपूरला येणं सुटलं होतं, पण भाऊबीजेची ओवाळणी ते बँकेतून पाठवायचे, अच्युतरावांच्या खात्यात. आणि दर वर्षी अच्युतराव तोच विनोद करायचे, की ओवाळायचं तुम्ही आणि श्रीमंत व्हायचं आम्ही! पैसे आले की बाई फोन लावायच्या आणि मग बहीणभाऊ तासभर भांडल्यासारखे बोलत बसायचे. खरी ओवाळणी तीच होती, पैसे निमित्ताला.

अच्युतराव गेले त्या वर्षी घरात सणच नव्हता. पुढच्या दिवाळीआधी बाईंच्या स्वतःच्या नावाचं खातं निघालं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिलं! रामरावांनी खातं नंबर आणि बँकेचा कोड मागितला, तेव्हा बाईंनी कॅलेंडरचं मागचं कोरं पान घेतलं. कोडातली इंग्रजी अक्षरं त्यांनी पासबुकात पाहून पाहून काढली, चित्र काढावं तशी. आकडे तर येतच होते, ते भराभर लिहिले. पानाचा फोटो काढून पाठवला आणि त्या दिवशी स्वतःसाठी शिरा केला.

भाऊबीज आली. पैसे आले नाहीत, आणि रामरावांचा फोनही आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग यांनी करायचा फोन! पण सोपं नव्हतं ते. फोन केला तर दादाला वाटणार, बहीण पैसे मागून राहिली. नवरा गेलेल्या बाईनं भावाकडे असं मागायचं? बाईंनी वाट पाहिली. दर मंगळवारी पासबुक घेऊन त्या बँकेत जायच्या आणि एंट्री नसलेलं पासबुक घेऊन यायच्या. संक्रांत गेली. "तिळगूळ घ्या" म्हणायलासुद्धा कुणाचा फोन नाही. हळूहळू त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की अच्युतराव होते तोवर आपण बहीण होतो, आता नुसतं ओझं आहोत.

माघात रामरावांच्या नातीचं, यशश्रीचं लग्न ठरलं. पत्रिका फोनवर आली. नुसतीच पत्रिका, खाली एक शब्द नाही. बाईंनी ती चार वेळा वाचली, आणि लग्नाला जायचं नाही असं पक्कं केलं. आहेर बँकेतून पाठवायचा आणि विषय संपवायचा. यापुढे फोन नाही, पत्र नाही. अच्युतरावांच्या डायरीतून रामरावांचा खातं नंबर आणि कोड त्यांनी एका चिठ्ठीवर उतरवला आणि मंगळवारची वाट न पाहता बँकेत गेल्या.

काउंटरवर नव्या मॅडम होत्या, विनता नावाच्या. नेपियर टाउनहून स्कूटरवर येणाऱ्या, मराठी. चिठ्ठी बघत त्यांनी कोड टाइप केला आणि थांबल्या.

"काकू, तुमचे भाऊ आसामात असतात का?"

"नाही बाई. हिंगणघाटला."

"कोड तर आसामातल्या शाखेचा दिसून राहिला." विनतानं चिठ्ठी पुन्हा जवळ धरली. "हा शेवटचा आकडा काय आहे? नाइन ना?"

"एक आहे तो."

"आणि याच्या आधीचा? एट?"

"चार. काहून, नीट नाही काढला का मी?"

विनता हसली नाही. तिनं चिठ्ठी बाईंसमोर ठेवली आणि बोटानं दाखवलं. अक्षरं इंग्रजी होती आणि आकडे मराठी. आधी इंग्रजी अक्षरं वाचली की पुढचे आकडेही माणूस इंग्रजीच समजून वाचतो. आपला मराठी एक इंग्रजी 9 सारखा दिसतो, आणि घाईत काढलेला चार 8 सारखा! बाई शाळेत शिकल्या ते आकडे, पन्नास वर्षं घरचा हिशेब ज्यात केला ते आकडे. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त वाचणारा दुसऱ्या लिपीत वाचत होता.

मग विनतानं विचारलं, "काकू, तुमचा स्वतःचा नंबरही असाच कुणाला लिहून दिलाय का?"

बाईंनी हातातली पिशवी काउंटरवर ठेवली. त्यांनी फोन काढला आणि कॅलेंडरच्या पानाचा तो फोटो शोधला. त्यात एक हा आकडा चार वेळा आला होता आणि चार हा दोन वेळा. विनतानं तो कोड तसाच, इंग्रजी समजून टाकून पाहिला. शाखा निघाली तमिळनाडूत कुठेतरी.

मागे रांग नव्हती. विनतानं समजावलं की हा कोड म्हणजे शाखेचा पत्ता असतो. अकरा खुणा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, तिथे कुणी ओ लिहिला तरी घोळ, आणि शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. पत्ता चुकला, त्यात खातं नंबरही चुकला, तर पैसे परत फिरतात. आणि तो चुकीचा नंबर खरोखर कुणाचा असला, तर परक्याच्या खात्यात जाऊन बसतात, मग सोडवताना नाकीनऊ येतात.

बाईंना पटत होतं, पण मन मागे ओढत होतं. "पाठवले असते तर पोचले का म्हणून त्यानं विचारलं नसतं?"

"आणि ते तिकडे म्हणत असतील, पोचले असते तर तिनं सांगितलं नसतं?" विनता म्हणाली. "काकू, बँक फक्त आकडे वाचते हो. तुम्ही दोघं तर माणसं आहात. एकदा विचारायला काय हरकत होती?"

बाई बाकावर जाऊन बसल्या. दोनदा भलतंच बटण दाबलं गेलं. शेवटी फोन लागला.

"बोला," रामराव म्हणाले. चक्क 'बोला'.

"दादा, भाऊबीजेला पैसे पाठवले होते का तू?"

रामरावांचा आवाज चढला. "हे विचारायला माघ उजाडला तुला? दुप्पट पाठवले होते. एकटी आहे म्हणून. पोचले एवढंही नाही बोलली तू. मी म्हटलं, बाईसाहेबांना भावाच्या पैशाचा अपमान वाटून राहिला."

"आलेच नाही दादा. एकही नाही."

"म्हणजे?"

मग सत्यभामाबाईंनी त्यांना एकाचा नऊ कसा झाला ते सांगितलं. रामरावांना आधी खरं वाटेना. ते पान त्यांनी वाचलंच नव्हतं, तेव्हा गुडघे धरत बँकेत गेले होते आणि फोन काउंटरवर देऊन मोकळे झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा महिन्यांनी पासबुक छापून घेतलं. आणि काय! भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी पैसे परत आलेले होते. बँकेत जुना मोबाइल नंबर होता म्हणून कळवल्याचा मेसेजही यांच्यापर्यंत आला नव्हता. तीन महिने पैसे भावाच्याच खात्यात गपचूप बसून होते, आणि इकडे एक म्हातारी बहीण आपलं कुणी नाही म्हणून रडत होती!

या वेळी विनतानं पासबुकाच्या छापील पहिल्या पानाचा फोटो काढून दिला. रामरावांनी आधी फक्त एक रुपया पाठवला. घंटाभरानं बाईंच्या फोनवर मेसेज वाजला, आणि पाठोपाठ दादाचा फोन.

"पोचला का गं, सत्ये?"

"पोचला."

"मग बाकीचे टाकतो आता."

बाई पदरानं डोळे पुसत होत्या. "नको. बाकीचे हातात दे. मी यशश्रीच्या लग्नाला येऊन राहिले."

तर मंडळी, तुमच्याआमच्या घरात अशी चिठ्ठी नक्की सापडेल, अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी, घाईत लिहिलेली. खातं नंबर आणि कोड हातानं लिहून पाठवू नका, पासबुकावर किंवा चेकवर छापलेलाच पाठवा, आणि तोही आपल्या खात्रीच्या माणसालाच. कोड टाकल्यावर शाखेचं नाव वाचा. आधी एक रुपया पाठवा, तो पोचल्याचं विचारा, मग पुढचे. बँकेत विचारायची लाज वाटू देऊ नका, ज्याला माहीत नाही त्यानं विचारायचंच असतं. आणि पैसे आले नाहीत तर कुणाबद्दल मनात काही ठरवून टाकण्याआधी एक फोन करा. परत फिरलेले पैसे बँक खात्यात आणून ठेवते. रागावून गप्प बसलेल्या माणसाला मात्र आपल्यालाच हाक मारावी लागते.