तिसरा रकाना

वर पाठवलेला चहा तसाच खाली आला. किटलीत साय धरली होती.

पाठ्यपुस्तक, पान ११२, तळाची ओळ : निरीक्षण चालू असताना कामगाराशी बोलू नये. आपल्याकडे कोणी पाहत आहे, याची जाणीव त्याला होऊ देऊ नये.

चौथ्या मजल्यावर, कालच्या भिंतीवर, पेन्सिलीने : पाणी प्यायलो, दोन मिनिटं. खाली वेगळ्या अक्षरात : खोटं, तीन.

मोबाइलवर अभ्यासकेंद्राचा निरोप. स्वाध्याय शुक्रवारी पाचपर्यंत. साइटप्रमुखांची सही नसेल तर तपासला जाणार नाही.

१०.०५. म-१ : रिकामा.
१०.१०. म-१ : रिकामा.
१०.१५. म-१ : काम.
१०.२०. म-१ : रिकामा.

“लिहा मॅडम, लिहा,” रेडिओ म्हणाला. “आता मी नाक शिंकरणार आहे. कुठल्या रकान्यात टाकता?”

रेडिओ हा सात गवंड्यांपैकी एक. तोंड कधी बंद नसायचं म्हणून हे नाव. गेल्या आठवड्यापर्यंत तो तिला ताई म्हणायचा.

“साहाय्यक कामात,” ती म्हणाली.

एरवी यावर परांची हलेपर्यंत हसले असते. आज फक्त थाप्यांचा आवाज आला, तोही गरजेपेक्षा जास्त. फोटो काढून घ्यायला उभे असल्यासारखे सगळे काम करत होते.

अकरा वर्षं ती या कंपनीत सुपरवायझर होती. त्याआधी आठ वर्षं तिने स्वतः विटा लावल्या होत्या. स्लॅब ओतण्याआधी सळ्या तीच तपासायची, फर्मा तीच ठोकून बघायची आणि मग कागदावर सही दुसराच कुणीतरी करायचा. त्या कुणाचीतरी नोकरी बऱ्याचदा दोन वर्षांचीही नसायची. सहीसाठी पदवी लागत होती. म्हणून अडतिसाव्या वर्षी बांधकाम व्यवस्थापनाला नाव घातलं. रविवारी वर्ग, रोज पहाटे दीड तास पुस्तक. हे शेवटचं वर्ष होतं आणि हा शेवटचा स्वाध्याय.

करायचं एवढंच होतं. दर पाच मिनिटांनी प्रत्येक गवंड्याकडे एकदा बघायचं आणि त्या क्षणी तो जे करत असेल त्याची खूण तक्त्यात करायची. पहिला रकाना काम. दुसरा साहाय्य : माल आणणं, मोजमाप घेणं, नकाशा बघणं. तिसरा रिकामा. रोज दोन तास, तीन दिवस. नावं नाहीत, म-१ ते म-७ असे नुसते क्रमांक.

सोमवारी सकाळी तिने सगळ्यांना गोळा करून हे सांगितलं होतं. पुस्तक सांगायला मनाई करत होतं, तरी सांगितलं. फक्त कॉलेजसाठी आहे म्हणाली. रेडिओने विचारलं होतं की फक्त कॉलेजसाठी आहे तर साहेबांची सही कशाला लागते. प्रश्न बरोबर होता. 

तेव्हापासून ती जिना चढायला लागली की वरचं बोलणं थांबायचं. दुपारी डबे खायची जागा बदलली आणि ती कुठे हलवली ते तिला कुणी सांगितलं नाही. मंगळवारी तक्ता लावलेल्या पाटीवरच्या दुसऱ्या पानावर सिमेंटचा एक अंगठा उमटलेला दिसला. पान कुणीतरी उलटून बघितलं होतं. त्या दिवशी निरीक्षणाच्या मधल्या पाच-पाच मिनिटांत ती लोकांचे अंगठे बघत राहिली. चार जणांच्या अंगठ्यांवर तिचा संशय होता. चौघेही तिच्या हाताखाली दहा वर्षांच्या वर होते.

फक्त मामा नेहमीसारखं काम करत होते. पंचाईत तीच होती.

मामा तिचे सख्खे मामा, पण साइटवर ते सगळ्यांचेच मामा होते, आणि तक्त्यात म-१. कोपरा त्यांच्याकडे. इमारतीचा कोपरा चुकला की भिंती चुकतात, म्हणून कोपऱ्याला दुसरं कुणी हात लावायचं नाही. दोन-तीन विटा लावायच्या, दोन पावलं मागे यायचं, थापी खाली ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि उभं राहायचं. कधी तीन मिनिटं, कधी आठ. मग एखादी वीट बोटाने जराशी ढकलायची. पाणसळ आणि ओळंबा ते थर पूर्ण झाल्यावर काढायचे, आणि तेही दुसऱ्यांची खात्री पटावी म्हणून.

११.४०. म-१ : 

तिने पेन उचललं. खूण न करता अभ्यासकेंद्रातल्या सरांना फोन लावला. भिंतीकडे बघत उभा असलेला माणूस कुठे धरायचा, असं विचारलं. हात चालू आहेत का, असं सरांनी विचारलं. नाहीत. हातात मोजायचं काही साधन आहे का? नाही. मग रिकामा, सर म्हणाले, यात विचारण्यासारखं काय आहे. तिने सांगून पाहिलं की तो बघतोय. सरांनी शांतपणे समजावलं की सगळेच कुठेतरी बघत असतात.

हातात साधन असतं तर दुसरा रकाना मिळाला असता. फोन ठेवून ती मामांच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “मामा, मागे येता तेव्हा हातात ओळंबा धरून ठेवाल का?”

मामांनी मिटलेला डोळा उघडला. “का?”

“असंच. बरं दिसतं.”

“कुणाला?”

मामांनी तिच्याकडे बघितलं, मग पाटीकडे, मग तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. त्यांनी तिच्याकडे असं कधीच बघितलं नव्हतं. “लागेल तेव्हा काढतो ओळंबा,” एवढं म्हणून त्यांनी पुन्हा डोळा मिटला.

११.४५. म-१ : रिकामा.

तीन दिवसांत प्रत्येकाच्या बहात्तर खुणा. मामांच्या बहात्तरांपैकी एकेचाळीस तिसऱ्या रकान्यात. रेडिओच्या फक्त सहा. तीन दिवसांत सगळ्यांत कमी विटा मामांच्या लागल्या होत्या, आणि एकही वीट उचकटावी लागली नाही अशी भिंतही मामांचीच होती. तक्त्यात विटांना जागा नव्हती आणि भिंतीलाही नव्हती.

बुधवारी संध्याकाळी घरी ती खोडरबर घेऊन बसली. मागच्या सहामाहीत दोघांनी घरी बसून आकडे बनवले होते. ते पकडले गेले आणि त्यांचं वर्ष गेलं. तिने खोडरबर परत दप्तरात टाकलं. आपण प्रामाणिक आहोत म्हणून की घाबरलो म्हणून, असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तरासाठी थांबली नाही.

गुरुवारी साहेबांची सही. साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. कुठलाही कागद न वाचता सही करण्याची त्यांची ख्याती होती. हा त्यांनी वाचला. पहिलं पान, दुसरं, तिसरं, मग परत पहिलं. “एक मिनिट हं, ताई,” म्हणून ते कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. झेरॉक्सचं यंत्र घरघरलं. तिने प्रत मागितली नव्हती.

“कॉपी कशाला, साहेब?” ते बाहेर आल्यावर तिने विचारलं.

“असू दे फाइलला. छान काम केलंत तुम्ही.” त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावत म्हणाले, “हा म-१ कोण?”

“नुसते क्रमांक आहेत. कुणाला कुठला दिला ते लक्षात नाही.”

“बरं,” साहेब हसले. “नसेल लक्षात.”

शेडमध्ये आल्यावर तिने तक्ता पुन्हा बघितला. डाव्या हाताला, क्रमांकाच्या शेजारी, दोन बारीक रकाने होते. ते तिने सोमवारीच, कसलाही विचार न करता, सुवाच्य अक्षरात भरले होते. वय : ६१. अनुभव : ४० वर्षे. सातांत एकसष्टचा दुसरा कुणी नव्हता. साहेबांना विचारायची गरजच नव्हती. त्यांनी विचारलं ते कदाचित ती खोटं बोलते का, हे बघायला.

शुक्रवारी पावणेपाचला तिने स्वाध्याय जमा केला.

पुढच्या सोमवारी फलकावर नवी यादी लागली. सहा गवंडी मागच्या इमारतीच्या कामाला, कोपरा रेडिओकडे. मामा फाटकावर, येणाऱ्या गाड्यांची नोंद करायला. साहेबांनी सांगितलं की विमा कंपनीचा नियम आहे, साठीच्या वर कुणाला परांचीवर चढवता येत नाही. नियम कधीचा आहे, असं तिने विचारलं. जुनाच आहे, ते म्हणाले. मग आजच कसा आठवला, हे तिने विचारलं नाही. खरंच तसा नियम असेलही. तिने पुस्तकात शोधलं. विम्याच्या धड्यात साठीचा उल्लेख कुठे नव्हता, पण तसला नियम नाही असंही कुठे म्हटलेलं नव्हतं.

रेडिओ तिच्याशी भांडला नाही. जिन्यात समोरासमोर आले तेव्हा तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि तिला वाट करून दिली, साहेबांना देतात तशी.

दुपारी मामा शेडमध्ये आले. फाटकावर त्यांना खुर्ची मिळाली होती. सकाळपासून तिच्यावर त्यांचा डबा तेवढा ठेवलेला होता.

“तो कागद आहे का तुझ्याकडे?”

कच्ची प्रत होती. तिने टेबलावर पसरली. मामांना वाचता फार येत नव्हतं, पण आकडे आणि रेघा कळत होत्या. त्यांनी वरून खाली बोट फिरवलं.

“यातला मी कुठला?”

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“आणि या इकडच्या रेघा?”

“रिकामा.”

मामांनी त्या मोजल्या. घाई न करता, एकेचाळीसपर्यंत.

“मी काय करत होतो तेव्हा?”

“बघत होता.”

“मग बघत होता असं लिहायचं.”

“तसा रकाना नाही, मामा.”

“रेघ मारून केला असतास तर?”

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. फाटक उघडायला कुणी नव्हतं. मामांनी कागदाची घडी तिच्याकडे सरकवली.

“पास होशील ना पण?”

“होईन.”

“हं,” म्हणून ते गाडीची नोंद करायला गेले.

एकोणीस वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा साइटवर आली तेव्हा मामांनी आठ दिवस तिच्या हातात थापी दिली नव्हती. भिंतीसमोर उभं राहून नुसतं बघायला लावलं होतं, आणि आठही दिवस तिची पूर्ण हजेरी लावली होती.