पहिली खेप कारागिराची

चौरंग पाहिला आणि सुपडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने खपून त्याने तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर ही नाव बांधली होती. आणि तिच्या पुढच्या टोकाला, सगळ्यात उंच जागी, रिखबचंद शेठने बारा बॅटऱ्या चौरंगावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. वर मोगऱ्याचे हार!

१९३८ सालची आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया होती. शेठने मुंबईहून विजेची मोटर आणली होती. धूर नाही, धडधड नाही, बॅटऱ्या शेठच्याच कापसाच्या जिनातल्या डायनामोवर भरायच्या. असली नाव तापीने पाहिली नव्हती आणि सुपडूनेही काम तसंच केलं होतं. एकेक बॅटरी दोघांनी उचलावी एवढी जड. म्हणून आधी त्याने सागाची वीतभर नाव कोरली, घंगाळात सोडली आणि तिच्यात खडे ठेवून पाहिले. खडे तळाशी असले की कितीही ढकला, ती सावरायची. वर ठेवले की बोट लागताच आडवी. मग त्याने खऱ्या नावेचा तळ हातभर रुंद केला आणि मधोमध, मोटरीच्या शेजारी, बॅटऱ्यांसाठी शिशाच्या पत्र्याचा खण केला. तार लांबली की विजेचा जोर वाटेतच मरतो, हे त्याने जिनातल्या मिस्त्रीला खोदून खोदून विचारलं होतं.

त्या खणावर आता फळी टाकून गादी अंथरली होती.

"शेठ, वजन तळमा पाह्यजे," सुपडू म्हणाला. "वर ठेवं तं नाव उलटी व्हई जाई."

उत्तर शेठच्या आईने, कंकुबाईने दिलं. "लक्ष्मी शे ती. तिन्हावर पाय ठीसन बसूत आम्ही? पाप लागी."

"माय, लक्ष्मी कसानी? शिसं नि तेजाब शे ते!"

शेठ हसला. "सुपडू, तू लाकूडना कारागीर. वीजनं तुले काय समजस?"

सुपडूने घंगाळ आणवलं आणि छोटी नाव सगळ्यांसमोर उलटवून दाखवली. शेठच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. घाटावरचे लोकही हसले. चाळीस वर्षं ज्याच्या नावांतून ही माणसं पैलतीरी गेली, त्याला हसले! लाकूड तासायची वाकस उचलावी आणि चौरंगाच्या ढलप्या कराव्यात, असं त्याला वाटलं. नाहीतर सरळ घरी निघून जावं, बुडतील आपल्या कर्माने. पण पायरीवर शेठची सात पोरं नवे कपडे घालून बसायला टपली होती. धाकटं तर कडेवरचं.

घाटाचा एक रिवाज मात्र शेठलाही मोडता येत नव्हता. नव्या नावेची पहिली खेप कारागीर एकटाच मारतो. तो कोरडा परत आला, तरच बाकीच्यांनी बसायचं.

सरळ जाऊन हळूच वळला असता, तर सुपडू कोरडाच परतला असता, आणि मग पोरं नावेत बसली असती. त्याची नाव आजवर कधी बुडाली नव्हती, आणि जन्माची कमाई म्हणावी तर तेवढीच.

त्याने मोटरीची कळ दाबली. नाव निघाली, आवाज न करता, पाणी कापत. इतकी देखणी चालली की त्याचा राग दुप्पट झाला. संगमाच्या डोहावर पोचल्यावर, पोरं उभी राहतील तसा तो काठावर उभा राहिला आणि सुकाणू करकचून फिरवलं. चौरंग एका अंगाला कलला. सुपडूला शिवी हासडायलाही वेळ मिळाला नाही.

तो पोहत घाटाला लागला तेव्हा बॅटऱ्यांतून सांडलेल्या तेजाबाने पाठ भाजत होती. मागे नाव पालथी वाहत चालली होती. तिचा एकही सांधा उकलला नव्हता. ते पाहून त्याच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं.

"चाळीस वरीसना कारागीर म्हने!" शेठ सगळ्या घाटासमोर ओरडला. "आनि पहिलीच खेपले बुडनी!"

लोकांनी माना डोलावल्या. आता सुपडूकडे नाव बांधायला कोण येणार होतं?

"हा, बुडनी," सुपडू म्हणाला. "पोरं मोजी ल्या, शेठ."

कंकुबाईने धाकट्याला छातीशी धरलं आणि ती खरंच एकेकाच्या डोक्याला हात लावत मोजू लागली.