पुठ्ठ्याची चाळीस घरं

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. पुठ्ठ्याची चाळीस ठेंगणी घरं आणि मधोमध एक चौक, एवढाच माझा देह. तेव्हाच्या औरंगाबादेत कारखाने आले, गावोगावची माणसं आली आणि जागा पुरेना. उंच इमारत न बांधता थोड्या जागेत सगळ्यांना घर कसं मिळेल, हे दाखवायला अजरा मॅडमनी मला घडवलं. घरांचे नकाशे काढणं हे त्यांचं काम.

ज्या वस्तीतल्या खोल्यांच्या जागी ही घरं व्हायची होती, तिथं माझं कौतुक होईल, असं मला वाटलं होतं. पण लोक हाताची घडी घालून लांबूनच बघत राहिले. पिशोर गावाहून आलेल्या सरूबाई तेवढ्या पुढं आल्या.

"लई गोजिरं हाय, म्हणूनच भ्या वाटतं. आमच्या खोल्या पाडल्या अन् तुम्ही आलाच नाय तर?"

मॅडमचा चेहरा उतरला. "मग हा तुमच्याकडंच ठेवा. काम याच्याशी ताडून बघा," त्या म्हणाल्या.

मी सरूबाईंच्या फळीवर राहू लागलो. त्या मला जपत, पण विश्वास माझ्यावरही नव्हता. रोज बोटांनी माझा चौक मोजत.

पुढं ठेकेदारानं जमिनीवर चुन्याच्या रेषा मारल्या. सरूबाई मला घेऊन तिथं गेल्या. चौकाच्या जागी घरंच आखलेली!

"हितला चौक कुठं गेला?"

"मावशी, चौकात कोण राहतं? आठ घरं वाढली," ठेकेदार हसला. त्याच्या नकाशाखाली मॅडमची सही होती.

आखणी बघायला आलेल्या मॅडमकडं सरूबाई वळल्या. "म्हंजे तुम्हीबी त्यातल्याच?"

"ही सही माझी नाही," मॅडम म्हणाल्या. कुणाला ते पटलं नाही. तेव्हा मॅडम त्या चुन्यातच बसल्या. "चौक मिळेपर्यंत उठणार नाही."

सरूबाईंनी मला मॅडमच्या पुढ्यात ठेवलं. मग त्याही शेजारी बसल्या. हळूहळू सगळी वस्ती बसली. अकरा दिवस काम बंद राहिलं. अखेर मॅडमच्या इतर सह्यांशी ताडल्यावर ठेकेदारानं केलेली खोटी सही उघडी पडली आणि चौक परत आखला गेला.

नव्या घरात सरूबाईंनी मॅडमना चहा दिला.

"आता तरी विश्वास बसला?" मॅडमनी विचारलं.

"पावसाळा जाऊ द्या. छत गळलं नाय, तर सांगते."

मॅडम मनापासून हसल्या.

आज माझ्या भिंती वाकल्या आहेत, कुणी धूळही झटकत नाही. त्याचं दुःख आहेच. पण मित्रांनो, एक मागणं आहे. कुणासाठी घर आखाल, तेव्हा त्यात राहणाऱ्याचा संशय अपमान समजू नका. त्याला आयुष्य तिथंच काढायचं असतं.