काळ्या कागदावरचं साल

काळा कागद प्रिंटरमध्ये जसा गेला तसाच बाहेर आला. झुल्माने तो खिडकीशी नेऊन तिरका धरून पाहिला. अक्षराची पुसट खूणसुद्धा उमटली नव्हती. संगणकाच्या पडद्यावर मात्र सगळं जागच्या जागी होतं. काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत भावाचं नाव, एलोय कोल्के, आणि खाली जन्माचं आणि मृत्यूचं साल.

आई पिठाचे हात पुसत आली. तिने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हे काय? बाजारातून आणला तसाच आहे की."

"यात पांढरी शाईच नसते, आई. पांढरं म्हटलं की यंत्र ती जागा नुसती सोडून देतं. पांढरं दिसतं ते कागदामुळे, शाईमुळे नाही."

"आणि ही म्हणे शाळेत पोरांना रसायन शिकवते!"

झुल्माला लाज वाटली, कारण हे आपल्याला आधीच सुचायला हवं होतं. पण मनातून तिला सुटल्यासारखंही वाटलं. कागद झाला नाही तर साल कोणाला दाखवावं लागणार नव्हतं.

एलोय जूनमध्ये खाणीत दगडांखाली सापडून गेला. सतराच वर्षांचा होता. अठरा पूर्ण झाल्याशिवाय खाणीत कोणाला आत सोडत नाहीत. वडील गेल्यापासून त्याने खाणीत कामाला जायचा एकच ध्यास घेतला होता. मार्चमध्ये इथेच संगणकाशी बसून तो झुल्माला म्हणाला होता, "ताई, एकच तर आकडा बदलायचाय. तू नाही केलंस तर बाजारात कोणीही करून देईल." तिने जन्मदाखल्याच्या प्रतीवर सहाचा पाच केला होता, आणि तो इतका सफाईने केला होता की तिला स्वतःलाही ओळखू आला नसता.

घरात हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोर वय चोरून गेलं आणि सेवेरो मुकादमाने जाणूनबुजून आत घेतलं, असं आई धरून चालली होती. त्याचं नाव निघालं की ती अजून थुंकत असे.

आज नोव्हेंबरची एक तारीख होती. दुपारी बाराला मेलेल्यांचे आत्मे घरी येतात आणि उद्या बाराला परत जातात. एलोयचं हे पहिलंच वर्ष. टेबलावर काळं कापड अंथरलं होतं, त्यावर पावाच्या बाहुल्या, वर चढायला पावाची शिडी, दोन्ही बाजूंना ऊस. लोक घरोघर जातात, नाव वाचतात, प्रार्थना म्हणतात आणि त्याबद्दल घरचे त्यांना पाव देतात. नावच नसेल तर प्रार्थना भलत्याच आत्म्याच्या पदरात पडते, असं आईचं म्हणणं.

आई प्रिंटरकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

"तुझं हे यंत्र काळं फासतं ना?"

"हो."

"मग पांढऱ्या कागदाला सगळीकडे काळं फास आणि अक्षरांपुरतं सोड. कशिद्यात नाही का आपण करत?"

चार बुकं न शिकलेल्या बाईचं बरोबर होतं. झुल्माने जाड पांढरा कागद घातला. दोन्ही सालं तिने गुपचूप काढून टाकली. प्रिंटर कितीतरी वेळ घरघरत राहिला. कागद शाईने ओला होऊन, लाटा पडून बाहेर आला, पण नाव लखलखीत पांढरं होतं.

आईला अक्षरं वाचता येत नसत, आकडे मात्र येत.

"साल कुठाय?"

"नाव पुरे, आई. शाईपण संपत आलीय."

"नावासाठी नाही करत मी हे. तो सेवेरो आज येणार, खाणीत माणूस गेलं की मुकादमाला यावंच लागतं. आल्यावर त्याने ते साल वाचायचं आणि बोटांवर मोजायचं. घाल."

झुल्माने आकडे परत टाइप केले. जन्मसालाच्या शेवटच्या आकड्याशी तिचं बोट थांबलं. पाच घातला तर आईला कळणार, सहा घातला तर सेवेरोला. तिने सहा घातला. दुसरा कागद खालच्या बाजूला थोडा करडा निघाला, तरी २००६ स्पष्ट दिसत होतं.

बारा वाजून गेल्यावर सेवेरो मुकादम आला. सोबत खाणीतले दोघे होते. टोपी काढून त्याने नाव वाचलं, मग साल. त्याचे ओठ हलले.

"वहिनी, हे चुकलंय. पाच पाहिजे."

"मी जन्म दिला त्याला, तू मला साल शिकवतोस?"

"तसं नाही वहिनी. माझ्याकडे दाखला आला तो पाचचा. शिक्क्यासकट. अजून आहे माझ्याकडे. सहाचा असता तर कान धरून घरी पाठवला असता पोराला. लाज नाही का मला?"

"खोटं बोलतोस. माझ्या पोराला कुठून मिळणार असा कागद?"

सेवेरोची नजर टेबलाकडे, मग कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे गेली आणि तिथून त्याने ती घाईने काढून घेतली.

"मी छापला," झुल्मा म्हणाली.

आईने टोपलीतून पाव घेतले आणि सेवेरोच्या हातात दिले. आधी एक, मग आणखी दोन.

"म्हणा प्रार्थना," ती त्याला म्हणाली. "नीट नाव घेऊन म्हणा."

तिघांनी गुडघे टेकले. झुल्मा उठून आईजवळ गेली.

"आई..."

"आत्ता नाही. एलोय घरात आहे. त्याच्यासमोर भांडायचं नाही, रडायचं नाही." आईने आवाज चढवला नाही. "उद्या बाराला जाईल तो. मग बोलेन मी तुझ्याशी."

अंगणात पुढचे लोक येऊन उभे होते. झुल्मा त्यांच्यासाठी पाव काढायला लागली.